परदेशी कोर्टावर पोचायला किती खर्च येतो?

लालबाग-परळमध्ये मुलगा कबड्डीत चमकला, तर पुढचा रस्ता गल्लीतलं कोणीही सांगतं. मंडळ, जिल्हा, राज्य आणि मग रेल्वे, पोलीस किंवा बँकेची भरती. बास्केटबॉलमध्ये तसं नाही. सोळा वर्षांची मुलगी सहा फुटांजवळ पोचली, राज्य संघात आली आणि कोणी म्हणालं, ‘हिला अमेरिकेत पाठवा,’ की घरातली माणसं चाचपडायला लागतात. विचारायला जवळपास कोणी नसतं, आणि मोबाइलवर मात्र ‘परदेशी क्लबमध्ये खात्रीशीर करार, नोंदणी फक्त अमुक लाख’ असं सांगणारे लगेच सापडतात.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. व्यावसायिक करारासाठी खेळाडूने पैसे भरायचे नसतात. करार म्हणजे क्लब खेळाडूला पैसे देतो. ज्या क्षणी कोणी करारासाठी तुमच्याकडे पैसे मागतं, त्या क्षणी बोलणं थांबवावं. घरचा खरा खर्च त्याआधीच्या पाच-सात वर्षांत होतो आणि तो हळूहळू, लक्षात न येता होतो. पुढचे आकडे मुंबईच्या बाजारभावाने काढलेले अंदाज आहेत. सरकारी आणि संस्थांची शुल्कं बदलतात, ती भरण्याच्या दिवशी त्या-त्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावीत. डॉलर हिशोबाला ९० रुपये धरला आहे.

तेरा ते अठरा

दक्षिण मुंबईत हा खेळ परका नाही. नागपाड्याला क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मराठी मिशनच्या माणसाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नेबरहुड हाउस उभं केलं. त्याच वास्तूत १९३६ साली टाटांची समाजकार्याची शाळा सुरू झाली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था (टिस). त्याच नागपाड्यातल्या बास्केटबॉलमधून पुढे अब्बास मुंतासीर आले, भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. नागपाड्याचं बच्चू खान मैदान, आग्रीपाड्याचं वायएमसीए, माटुंग्याचा इंडियन जिमखाना, डॉन बॉस्कोची सॅव्हिओ चषक स्पर्धा ही सगळी ठिकाणं दादर-परळहून बसने किंवा लोकलने गाठण्यासारखी आहेत. वस्तीतल्या क्लबात फी नाममात्र असते. खासगी अकादमी महिन्याला दीड ते पाच हजार घेते. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत या दोन्हींत मुलाला मिळणाऱ्या शिकवणीत फार फरक पडत नाही. फरक पडतो तो समोर कोण खेळतं याने, आणि जुन्या क्लबात वयाने मोठी, दांडगी मुलं रोज समोर असतात. फीसाठी जपून ठेवलेले पैसे बुटांना आणि खाण्याला लावावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुटांवर काटकसर करू नये. आपली बहुतेक कोर्टं सिमेंटची, त्यावर उडी मारून उतरताना गुडघ्याला आणि घोट्याला बसणारा दणका बूटच झेलतो. बरा जोड सहा ते दहा हजारांत मिळतो आणि रोज खेळणाऱ्या मुलाच्या बुटांचा तळ सहा महिन्यांत घासतो. म्हणजे वर्षाला दोन जोड, सोळा हजार. चेंडू निव्हियाचा हजाराच्या आसपास मिळतो, सरावाला तो पुरे. मुलांना मोठेपणी सात नंबर, मुलींना सहा नंबर. दुकानदार मुलीच्या हातात सात नंबर देतो, तो घेऊ नये.

खाण्याचा खर्च सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी मोजला जाणारा. घरच्या जेवणावर रोज सहा अंडी, लिटरभर दूध, पाव किलो चिकन किंवा त्याऐवजी पनीर-डाळ, आणि दोन-तीन केळी धरली तर दिवसाला सव्वादोनशे-अडीचशे रुपये लागतात. महिन्याला सात हजार. पावडरचे डबे यात धरलेले नाहीत आणि धरूही नयेत. एनबीएच्या निवडीत नाव लागलेला पहिला भारतीय, सतनाम सिंग भामरा, याच्यावर उत्तेजक चाचणीत हायजेनामाइन सापडल्यामुळे २०२० मध्ये नाडाने, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, दोन वर्षांची बंदी घातली. हे द्रव्य वजन घटवण्याच्या आणि ताकद वाढवण्याच्या पूरक आहारातही सापडतं. चार हजारांचा डबा अख्खी कारकीर्द घेऊन जाऊ शकतो. कोणतंही औषध किंवा पूरक घेण्याआधी डॉक्टरला ‘मुलाची उत्तेजक चाचणी होऊ शकते’ हे सांगावं.

क्लब किंवा अकादमीची फी वर्षाला सरासरी तीस हजार धरा, स्पर्धांचा प्रवास, गणवेश आणि बाहेरगावचं जेवण अठ्ठावीस हजार, फिजिओ बारा हजार. हे सगळं मिळून वर्षाला एक लाख सत्तर हजारांच्या आसपास जातं. पाच वर्षांत साडेआठ लाख. यात मोठी दुखापत धरलेली नाही. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेला दोन ते चार लाख लागतात आणि खेळात परतायला बहुधा नऊ महिने. परळच्या केईएमसारख्या पालिका रुग्णालयात हे फार कमी पैशांत होतं, फक्त वेळ आणि चिकाटी लागते. मुलाचं नाव घरच्या आरोग्य विम्यात असेल, तर पॉलिसीत खेळातली दुखापत वगळली आहे का, हे एकदा वाचून घ्यावं.

परदेशी गेलेली ठळक नावं पाहिली, की या साडेआठ लाखांचं महत्त्व कळतं. सतनाम, पलप्रीत ब्रार, प्रिन्सपाल सिंग ही मुलं लुधियानाच्या अकादमीतून आली. तिथे राहणं, खाणं, शिकवणं सरकारी आणि संघटनेच्या पैशाने होत होतं. नंतर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सने सतनामसह आठ मुला-मुलींना शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला नेलं. म्हणजे घरातून फार थोडं गेलं. लालबागच्या मुलासाठी असं वसतिगृह नाही. ते काम आई-वडिलांचं स्वयंपाकघर आणि पगार करतात, आणि ते करताना कर्ज काढायचं का, हा प्रश्न प्रत्येक घराने पंधराव्या वर्षीच विचारायला हवा.

कॉलेजची वाट

अठराव्या वर्षाआधी परदेशी क्लबकडे पाहूच नये. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमाप्रमाणे १८ पूर्ण होण्याआधी खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही, अपवाद फक्त विशेष प्रकरणांचा. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाला ‘युरोपियन क्लबचा करार’ दाखवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

त्या वयात खुली असते ती अमेरिकन कॉलेजची वाट. संजना रमेश बंगळुरूहून नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठात गेली, हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठात. मुलींसाठी ही वाट मला जास्त भरवशाची वाटते, कारण व्यावसायिक लीगमधून मिळणारे पैसे बायकांना कमी आणि पदवी मात्र सारखीच.

तयारी नववीपासून सुरू होते. एनसीएए ही तिथली कॉलेज-खेळांची मुख्य संघटना नववी ते बारावीतले १६ मुख्य विषय मोजते: इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं. दहावीनंतर गणित सोडायचं असेल, तर आधी हा हिशोब करून पाहावा. सॅट ही परीक्षा एनसीएएने २०२३ पासून सक्तीची ठेवलेली नाही, काही विद्यापीठं मात्र मागतात. बारावीनंतर एनसीएएच्या पहिल्या विभागात (डिव्हिजन वन) एक वर्षाच्या आत प्रवेश घेणं हिताचं, नाहीतर खेळायचे हंगाम कमी होऊ शकतात. आणि बारावीच्या सुट्टीत एखाद्या भारतीय लीगने मानधन देऊ केलं, तर सही करण्याआधी कॉलेजच्या प्रशिक्षकाला लेखी विचारावं. आता मिळालेले पन्नास हजार पुढची शिष्यवृत्ती अडवू शकतात.

कागदपत्रांचा खर्च आटोक्यात आहे. पासपोर्ट प्रौढांना १,५०० रुपये, १८ खालील मुलांना पाच वर्षांचा १,०००, तात्काळ हवा तर २,००० वर. लोअर परळला सेवा केंद्र आहे, मधला माणूस लागत नाही. एनसीएएची पात्रता नोंदणी परदेशी विद्यार्थ्याला दीडशे ते पावणेदोनशे डॉलर. इंग्रजीची टोफेल किंवा आयईएलटीएस परीक्षा सतरा-अठरा हजार. एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा अर्ज १८५ डॉलर, परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं म्हणजे सेव्हिसचं शुल्क ३५० डॉलर. व्हिसावर आणखी २५० डॉलरचं शुल्क लावणारा कायदा अमेरिकेत २०२५ मध्ये झाला आहे, ते लागू झालं आहे का हे अर्ज करताना पाहावं. गुणपत्रिका पाठवणं, कुरिअर, खेळाची चित्रफीत कापून घेणं हे आठ-दहा हजारांत बसतं. चित्रफितीत डंक आणि संगीत नको, सलग दोन पूर्ण सामने हवेत. प्रशिक्षकाला मुलगा चेंडू हातात नसताना काय करतो, ते पाहायचं असतं. विमानाचं तिकीट पाऊण लाख, आणि थंडीचे कपडे, अंथरूण-पांघरूण, पहिल्या महिन्याचा हातखर्च असं ऐंशी-नव्वद हजार. पूर्ण शिष्यवृत्ती असली तरी घरातून अडीच लाख निघतात.

पूर्ण शिष्यवृत्ती या शब्दांवर मात्र थांबायला हवं. पहिल्या आणि दुसऱ्या विभागातली विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतात, तिसऱ्या विभागात खेळाच्या नावाने एक डॉलरही मिळत नाही, तिथे मिळते ती अभ्यासाची किंवा गरजेची मदत. दुसऱ्या विभागात शिष्यवृत्ती बहुधा तुकड्यांत वाटलेली असते. घरी पत्र येतं, ‘तुमच्या मुलाला वीस हजार डॉलरची शिष्यवृत्ती.’ घरात पेढे वाटले जातात. त्या विद्यापीठाचा एका वर्षाचा सगळा खर्च ४५ हजार डॉलर आहे, हे दुसऱ्या पानावर असतं. उरलेले २५ हजार डॉलर, म्हणजे वर्षाला साडेबावीस लाख, चार वर्षांत नव्वद लाख. परळच्या खोलीची किंमत. पत्र हातात आलं की तीनच गोष्टी लेखी मागाव्यात: पूर्ण वर्षाचा एकूण खर्च किती, त्यातलं आम्ही किती भरायचं, आणि मुलगा जखमी झाला किंवा प्रशिक्षक बदलला तर दुसऱ्या वर्षी ही रक्कम राहते का. बऱ्याच शिष्यवृत्त्या एकेका वर्षाच्या असतात. घरातून वर्षाला पाच-सहा लाखांवर जाणार असतील आणि ते कर्जाचे असतील, तर मी त्या पत्राला नाही म्हणेन.

त्याहून महाग असते ती बारावीआधीची खासगी निवासी शाळा. वर्षाला साठ हजार डॉलरच्या पुढेही आकडा जातो. कोणी उचलून नेत असेल तर जावं, स्वतःच्या पैशाने नाही. ‘निवड शिबिरां’चंही तेच. एनबीए आणि फिबाचं बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स शिबिर निमंत्रणाचं असतं, त्यासाठी खेळाडूने फी भरायची नसते. तुमची निवड झाली आहे, आता अमुक रक्कम भरा, अशी पत्रं येतात ती बहुतेक धंद्याची असतात.

दोन बारकावे, जे तिथे गेल्यावर कळले तर महाग पडतात. शिष्यवृत्तीतला राहण्या-जेवण्याचा भाग अमेरिकेत करपात्र असतो आणि त्यावर १४ टक्के कापले जातात. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना तिथली प्रमाणित वजावट मिळते, बहुतेक इतर देशांच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. ती मागितली तर कापलेलं बरंच परत येतं, पण विवरणपत्र भरावं लागतं. दुसरं, २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, त्याच्या बातम्या वाचून घरी गणितं मांडू नयेत. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलाला असे पैसे घेणं व्हिसाच्या अटींमुळे अडचणीचं आहे.

इथून पैसे पाठवताना वर्षाला दहा लाखांच्या वर रक्कम गेली की बँक त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. दर अर्थसंकल्पागणिक बदलतो. तो खर्च नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तेवढे महिने पैसे अडकतात. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो लागत नाही.

करार

आता ज्याला खरोखर व्यावसायिक म्हणतात तो टप्पा. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले, तेव्हा पहिला सामना शाळकरी मुलांसाठी ठेवला होता. त्यातली कित्येक मुलं आज कॉलेजात आहेत आणि त्यांच्या डोक्यात एनबीए आहे. असावं. पण पालकांनी आकडे पाहावेत. एनबीएत नवख्याचा किमान पगार वर्षाला साडेअकरा लाख डॉलरच्या वर आहे. त्याच्या लगेच खालच्या जी-लीगमध्ये हंगामाला चाळीस ते पंचेचाळीस हजार डॉलर, राहण्याची सोय वेगळी. सतनामची २०१५ मध्ये डॅलसने निवड केली, तरी तो खेळला तो टेक्सास लेजंड्सकडून आणि पुढे कॅनडात. अमज्योत सिंग जपानमध्ये खेळून ओक्लाहोमाच्या जी-लीग संघात गेला, अमृतपाल सिंग सिडनी किंग्जकडे, विशेष भृगुवंशीने २०१७ मध्ये अॅडलेड थर्टीसिक्सर्सशी सरावाचा करार केला. हे आपले सर्वोत्तम खेळाडू, आणि यांच्यातल्या बहुतेकांची परदेशातली वाटचाल एक-दोन हंगामांची. त्यांचं कर्तृत्व त्याने उणं होत नाही, पण घराचं नियोजन एक-दोन हंगामांचंच करावं.

युरोपातल्या किंवा आशियातल्या खालच्या लीगमध्ये नवख्याला महिन्याला साधारण हजार ते अडीच हजार युरो मिळतात, आठ-नऊ महिने. रक्कम छोटी वाटली तरी खोली, जेवण, विमा आणि येण्या-जाण्याची दोन तिकिटं क्लबची असतील तर त्यातून बचत होते. हे सगळं करारात लिहिलेलं हवं. पगार कर भरून हातात येणारा आहे की त्यातून कर जायचा आहे, तारीख कोणती, दुखापत झाल्यावर पगार चालू राहतो का, वैद्यकीय तपासणी पोचल्यावर किती दिवसांत होईल. तपासणीत नापास म्हणून परत पाठवलं तर तिकीट कोणाचं, हेही. व्हिसा आणि कामाचा परवाना क्लब काढतो. भारतीय बास्केटबॉल महासंघाकडून फिबाचं मंजुरीपत्र लागतं, त्याशिवाय खेळता येत नाही, आणि नोकरीत असलेल्याला मालकाचा ना-हरकत दाखला. आपल्या बाजूने पोलिसांचा दाखला ५०० रुपये, आणि पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचं एपोस्टिल, ज्याचं सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे. त्याच कामाचे पाच-सहा हजार मागणारे भेटतील.

एजंट लागतो, आणि चांगला एजंट पैशाला पैसा देतो. फिबाचा परवाना असलेल्यांची यादी फिबाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येते, नाव तिथे नसेल तर विषय संपला. त्याचा मोबदला कराराच्या साधारण दहा टक्क्यांपर्यंत असतो आणि युरोपात बऱ्याचदा तो क्लबच देतो. एनबीएच्या करारावर एजंटला चार टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तो पैसा पगार सुरू झाल्यावर जातो, आधी नाही.

क्लबने पगार थकवला तर? लहान क्लब थकवतात, हे नेहमीचं आहे. करारात वाद फिबाच्या बास्केटबॉल लवादाकडे, म्हणजे बॅटकडे जाईल असं कलम असलं, तर स्वित्झर्लंडमध्ये दाद मागता येते. पण तिथे अर्जाचं न परतणारं शुल्कच किमान दीड हजार युरो आहे, वकील वेगळा. तीन हजार युरो थकले असतील तर हा खर्च परवडत नाही. म्हणून पहिल्या महिन्याचा पगार हातात आल्याशिवाय घरी पैसे पाठवायचं ठरवू नये, आणि दोन महिने थकले की सामानाची बांधाबांध करायला लाज बाळगू नये.

यासाठी वेगळा पैसा हवा. परतीचं तिकीट, महिन्याभराचं भाडं, एक एमआरआय: दोन ते अडीच लाख रुपये मुदत ठेवीत, ज्याला घर हात लावणार नाही.

करासाठी तारीख सांभाळावी. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून कमी इथे राहिला, तर तो त्या वर्षासाठी अनिवासी ठरतो आणि परदेशी पगारावर इथे कर लागत नाही. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हे १८३ दिवस होतात. हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होणार असला, तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात विमानात बसणं आणि ऑक्टोबरच्या पहिल्यात बसणं यात कराचा फरक पडू शकतो. पहिल्या वर्षी सीएकडे जावं.

शेवटची गोष्ट परत येण्याची. गीतू अॅना जोस दक्षिण रेल्वेत होती आणि ऑस्ट्रेलियातल्या रिंगवूड हॉक्सकडून खेळली. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली ती रेल्वेकडून खेळत. आपल्याकडे बास्केटबॉलपटूचं घर अजूनही या नोकऱ्यांवर चालतं, आणि राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण रेल्वेच्या क्रीडा कोट्यात वय साधारण १८ ते २५ लागतं आणि कामगिरी चालू व मागच्या दोन वर्षांतली मोजतात. अमेरिकेत चार वर्षं उत्तम खेळून परतलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाकडे नेमकं त्या काळातलं भारतातलं एकही प्रमाणपत्र नसतं. त्यामुळे दर वर्षी सुट्टीचं तिकीट काढण्याआधी राज्य संघटनेला फोन करून निवड चाचणीची आणि राष्ट्रीय स्पर्धेची तारीख विचारावी. तारीख जुळत असेल तर तिकिटाला दहा हजार जास्त गेले तरी चालतील, आणि प्रमाणपत्र मिळालं की त्याची मूळ प्रत घरातच ठेवून मुलासोबत नक्कल पाठवावी.